‘खुर्च्या’ या ॲब्सर्ड नाटकाचा आशय आणि प्रतीकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युजीन आयनेस्कोच्या ‘ले शेझ’ म्हणजे ‘खुर्च्या’ या नाटकाचा पहिला प्रयोग २२ एप्रिल १९५२ रोजी पॅरिसच्या तेआत्र लाँक्रीमध्ये झाला. हे नाटक अभ्यासाला असणारे आणि दीर्घांक म्हणून बसवायला घेणारे, अशा दोघांनाही पडणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. दोघांचे प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण उत्तरं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतात : रंगमंचावर काय वाढत जातंय आणि काय आटत जातंय.

नाटकात नेमकं घडतं काय?

चहूबाजूंनी पाणी, मध्ये बेट, बेटावर गोलाकार भिंतींचं घर. घरात ९५ वर्षांचा म्हातारा आणि ९४ वर्षांची म्हातारी. लग्नाला ७५ वर्षं झालेली. म्हाताऱ्याला अख्ख्या जगाला एक निरोप द्यायचा आहे, पण स्वतःला नीट मांडता येत नाही म्हणून त्यानं एक वक्ता बोलावलाय. पाहुणे यायला लागतात. होडीचा आवाज येतो, घंटी वाजते, दार उघडतं, स्वागत होतं, बसायला खुर्ची आणली जाते. पाहुणा मात्र दिसत नाही. आधी एक बाई, मग कर्नल, मग म्हाताऱ्याची तरुणपणीची ओढ असलेली सुंदरी आणि तिचा नवरा, मग लोंढाच, आणि शेवटी खुद्द सम्राट. सगळे अदृश्य. वक्ता तेवढा हाडामांसाचा येतो. निरोप आता पोचणारच या खात्रीनं दोघं सम्राटाचा जयजयकार करत आपापल्या खिडकीतून पाण्यात उडी घेतात. वक्ता तोंड उघडतो तेव्हा कळतं, की तो मुका-बहिरा आहे.

मग हे विनोदी की शोकांत?

आयनेस्कोनं त्याला ‘शोकात्म फार्स’ म्हटलं आहे आणि ते शब्दशः घ्यावं. फार्सचं यंत्र इथे पुरेपूर आहे : दारं, घंटी, धावपळ, चुकीच्या माणसाला धक्का, ‘जरा सरका’ आणि ‘पायावर पाय देऊ नका’. फक्त ज्याला धक्का लागतो तो माणूस नाही. प्रयोगात हशा आलाच नाही तर शेवटही पडतो.

‘ॲब्सर्ड’ म्हणजे ‘अर्थहीन’ ना? मग आशय कसला शोधायचा?

इथे शब्दानं गोंधळ होतो. फ्रेंच लेखक अल्बेर काम्यूनं १९४२मध्ये ग्रीक पुराणकथेतल्या सिसिफसवरच्या निबंधात जी असंगतता मांडली, ती माणसाची अर्थाची भूक आणि जगाचं मौन यांच्यातली आहे. समीक्षक मार्टिन एस्लिननं ॲब्सर्ड रंगभूमीवरच्या १९६१च्या पुस्तकात आयनेस्को, बेकेट अशा नाटककारांना एकत्र बांधलं ते या धाग्यानं. म्हणजे जगणं असंगत आहे हा विषय झाला. नाटकाची बांधणी मात्र काटेकोर असते. ‘खुर्च्या’त तर एकही दार उगाच उघडत नाही.

खुर्ची म्हणजे सत्ता, बरोबर?

नाही. ही चूक मराठी वाचकाकडून हमखास होते आणि त्याचं कारण आपल्या भाषेत आहे. ‘खुर्ची’ म्हटलं की आपल्या कानात ‘खुर्ची सोडवत नाही’, ‘खुर्चीसाठी भांडण’ असंच वाजतं. या नाटकात खुर्चीसाठी कोणी भांडत नाही. यजमानीणबाई धापा टाकत त्या आणतेय, त्या बसायच्या खुर्च्या आहेत.

पहिल्या प्रयोगाचा दिग्दर्शक सिल्व्हाँ दोम याला लिहिलेल्या पत्रात आयनेस्कोनं स्वच्छ सांगितलं होतं : नाटकाचा विषय म्हाताऱ्याचा निरोप नाही, त्याच्या आयुष्याचं अपयशही नाही. विषय खुर्च्याच आहेत, म्हणजे माणसांची, सम्राटाची, देवाची, पदार्थाचीसुद्धा गैरहजेरी. विषय आहे शून्य.

आता गंमत बघा. शून्य रंगमंचावर दाखवायचं कसं? मोकळा रंगमंच नुसता मोकळा दिसतो, त्यात कोणाची उणीव भासत नाही. उणीव दिसायला जागा राखून ठेवावी लागते. रिकामी खुर्ची नेमकं हेच करते, कारण ती माणसाच्या मापाची वस्तू आहे : तिला पाठ आहे, पाय आहेत, मांडीची उंची आहे. एक रिकामी खुर्ची म्हणजे एक न आलेला माणूस. चाळीस झाल्या की गैरहजेरीचीच गर्दी होते आणि जिवंत माणसांना उभं राहायला जागा उरत नाही. खुर्ची अमुक एका गोष्टीचं प्रतीक आहे असं लिहिण्यापेक्षा ती काय करते ते लिहिलंत तर उत्तर बरोबर वाटेला लागतं.

पाहुणे खरंच आले आहेत, की म्हातारा-म्हातारीला भास होतोय?

नाटक हा निकाल देत नाही आणि दिग्दर्शकानंही देऊ नये. भास म्हणावं तर दाराबाहेरची होडी आणि घंटी प्रेक्षकालाही ऐकू येते. खरे म्हणावं तर कोणी दिसत नाही. दोघं वेडे आहेत असं ठरवून बसवलं की प्रेक्षक निश्चिंत होतो, ‘बिचारे’ म्हणतो आणि सुटतो. त्याला सुटू द्यायचं नाही.

अदृश्य पात्रं शक्य तितकी खरी वाटली पाहिजेत आणि दिसणारा वक्ता मात्र खोटा, अवास्तव वाटला पाहिजे, अशी लेखकाची सूचना आहे. नाटकाची किल्ली या उलटापालटीत आहे. वक्त्याला एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकार-कवीचा पेहराव दिलाय तो त्यासाठीच : रुंद काठाची काळी टोपी, गळ्याशी मोठा सैल बो, मिशी, बोकडदाढी, आणि चेहऱ्यावर आढ्यता.

दोघांच्या बोलण्यात मेळ नाही. मुलगा होता की नव्हता?

पाहुण्यांशी बोलताना म्हातारी सांगते, आम्हाला मुलगा होता, सात वर्षांचा असताना ‘तुम्ही पक्षी मारता’ म्हणत घर सोडून गेला. त्याच वेळी म्हातारा दुसऱ्या कोणाला सांगत असतो, आम्हाला मूलबाळ झालंच नाही. पुढे तो कबूल करतो, की मी आईला खड्ड्यात मरायला टाकून आलो. म्हातारी मात्र त्याचं आईवडिलांवरचं प्रेम वाखाणत असते.

यातलं ‘खरं’ शोधू नका, ते संहितेत ठेवलेलंच नाही. दिसतं ते एवढंच, की ७५ वर्षं एका छताखाली काढलेल्या दोन माणसांना सामायिक भूतकाळ नाही. आणि बसवताना लक्षात घ्या, ही दोन्ही निवेदनं एकमेकांत गुंफलेली आहेत. दोघांनी आळीपाळीनं, एकमेकांना वाट करून देत बोललं तर विसंगती ठळक होते पण खोटी वाटते. दोघं आपापल्या पाहुण्यात गुंतलेले हवेत. प्रेक्षकाच्या एका कानात एक, दुसऱ्या कानात दुसरं.

रोज तीच गोष्ट, फेब्रुवारी महिन्याची नक्कल, मांडीवर बसणं, हे सगळं कशासाठी?

स्मृती आणि बालपण. म्हातारा रोज संध्याकाळी तीच गोष्ट सांगतो आणि म्हातारी ती रोज नव्यानं ऐकते, कारण तिनं मन मुद्दाम कोरं करून घेतलेलं असतं. त्या आठवणीत पॅरिस नावाचं शहर विझून चार लाख वर्षं झालेली आहेत, उरलंय फक्त एक गाणं. काळ असा ताणला, की ७५ वर्षांचा संसार आणि चार लाख वर्षं एकाच मापाची होतात. फेब्रुवारीची नक्कल म्हणजे म्हातारा डोकं खाजवतो, स्टॅन लॉरेलसारखं, बस्स. तिथे अर्थ खणत बसू नका. मग तो तिच्या मांडीवर बसून आईसाठी रडतो आणि तिथल्या तिथे ती बायको न राहता त्याची आई होते. हे मात्र महत्त्वाचं आहे, कारण पुढे गर्दी दोघांमध्ये शिरते तेव्हा तुटतं ते हेच नातं.

पाणी आणि खिडक्या?

पहिल्याच प्रसंगात म्हातारा खिडकीतून वाकून बघतोय आणि म्हातारी त्याला मागे ओढतेय : पडशील, खालच्या पाण्याला वास येतो, डास येतात. तो म्हणतो, उन्हातल्या होड्या बघतोय. ती म्हणते, अरे, रात्र आहे. शेवटची उडी पहिल्याच मिनिटाला अशी पेरून ठेवलेली आहे.

पाणी म्हणजे मृत्यू हे समीकरण चूक नाही, पण अपुरं आहे. पाणी साचलेलं आहे, वाहणारं नाही. शिवाय खिडक्या दोन आहेत, समोरासमोर. म्हाताऱ्याची इच्छा एकत्र मरण्याची, शरीरं एकमेकांजवळ राहण्याची. पण दोघांच्या मध्ये खुर्च्यांचा डोंगर आहे, त्यामुळे उड्या वेगवेगळ्या खिडक्यांतून पडतात. दोघं एकाच खिडकीतून उडी मारतात असं बसवलेलं दिसलं तर समजा, नाटकातली सगळ्यात क्रूर गोष्ट कापली गेली.

सम्राट म्हणजे देव का?

तसं वाचायला आधार आहे. आयनेस्कोच्या पत्रात सम्राटाची गैरहजेरी आणि देवाची गैरहजेरी शेजारीशेजारी येतात. सम्राटाच्या प्रवेशाला प्रकाश वाढतो, पण तो थंड आणि रिकामा असावा अशी रंगसूचना आहे. सोनेरी, उबदार, देवळातल्यासारखा प्रकाश दिला की ‘साक्षात्कार झाला’ असा निकाल लागतो आणि तो चुकीचा आहे. सुरुवातीचा हिरवट मंद दिवा आणि इथला पांढरा झोत यांतलं अंतर हळूहळू कापावं. पाहुण्यांची संख्या आणि प्रकाश एकाच चढणीवर चढतात.

वक्ता मुका का? निरोप होता तरी काय?

निरोप काय होता हे कळत नाही, आणि कळला असता तर नाटक बारगळलं असतं. मुद्दा पोचण्याचा आहे. म्हाताऱ्यानं आमंत्रण सगळ्यांना दिलंय, त्या यादीत टपालवाले आहेत, लेखण्या आहेत, गुणसूत्रंसुद्धा आहेत! ऐकणारे इतके जमवले, पण सांगणारा भाड्याचा. आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडून नेमका जाईल, हा विश्वास इथे मोडतो. नाटककारसुद्धा नटावर नेमका हाच विश्वास टाकत असतो, ही कोपरखळी विसरू नका.

अगदी शेवटी आवाज येतो तो कोणाचा?

वक्ता निघून जातो. रिकाम्या खुर्च्या, व्यासपीठ, जमिनीवर कागदी फिती आणि रंगीत कागदाचे तुकडे. आणि मग पहिल्यांदाच त्या अदृश्य जमावाचा मानवी आवाज येतो : हसणं, कुजबुज, ‘शूऽऽ’, कुत्सित खोकणं. हळू सुरू होतो, वाढतो, पुन्हा विरतो. खऱ्या प्रेक्षकाच्या मनावर शेवट कोरला जाईल इतका वेळ तो चालू राहावा, अशी सूचना आहे.

तांत्रिक बाजूनं इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, आवाज प्रेक्षागृहाच्या स्पीकरमधून येतो. मग तो खुर्च्यांचा न वाटता प्रेक्षकांचाच वाटतो. स्पीकर रंगमंचावर, खुर्च्यांच्या मागे किंवा नेपथ्याआड खाली ठेवा. दोन, लोक टाळ्या सुरू करतात आणि आवाज त्यात बुडतो. पडदा अतिशय सावकाश पाडा आणि ब्लॅकआउट टाळा. ब्लॅकआउट म्हणजे टाळ्यांना दिलेला क्यू.

हे नाटक राजकीय आहे का?

१९५८मध्ये नाट्यसमीक्षक केनेथ टायननं लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात आयनेस्कोवर टीका केली : ही रंगभूमी वास्तवाकडे पाठ फिरवते. आयनेस्कोनं जाहीर उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं, की माणसाची भीती, मृत्यू, एकटेपणा यांचं मूळ समाजव्यवस्थेपेक्षा खोल आहे आणि विचारसरणी पोचवणं हे नाटकाचं काम नाही. आपल्याला यातली कोणतीही बाजू घेता येते, पण ‘खुर्च्या’वर एखाद्या राजवटीचं रूपक लादलं तर पहिला अर्धा भाग, दोघांचा संसार, निरुपयोगी होऊन बसतो. ही खूण पुरेशी आहे.

बसवायचं तर खुर्च्या किती लागतात?

लेखकाच्या टिपणीत निदान चाळीस, जमलं तर जास्त. आणि त्या झपाट्यानं, वाढत्या वेगानं आल्या पाहिजेत.

आधी जागेचं गणित करा. साध्या खुर्चीची रुंदी ४५ सेंटीमीटर आणि रांगेतलं अंतर ७५ सेंटीमीटर धरलं तर एक खुर्ची साधारण ०.३४ चौरस मीटर खाते, चाळीस खुर्च्या साडेतेरा चौरस मीटर. ८ बाय ६ मीटरच्या रंगमंचावर ही जागा पाव भागापेक्षा थोडीच जास्त भरते. म्हणजे चाळीस खुर्च्या आणूनही रंगमंच मोकळाच दिसतो आणि सगळी मेहनत वाया! नेपथ्याच्या भिंती आत घेऊन वापराची जागा ५ बाय साडेचार मीटर करा. त्याच चाळीस खुर्च्या साठ टक्के जागा व्यापतात, आणि म्हातारीला खरोखर आडवं होऊन सरकावं लागतं. ते सरकणं अभिनयानं आणता येत नाही.

वेगाचंही गणित आहे. पहिल्या चार खुर्च्या सावकाश, एकेका पाहुण्यासोबत. उरलेल्या ३६, एका फेरीत दोन, म्हणजे १८ फेऱ्या. चार मिनिटांत संपवायच्या तर सरासरी १३ सेकंदांना एक फेरी. पण सरासरीनं चालू नका : पहिली फेरी २० सेकंदांची आणि शेवटची आठची असली तरच चढण कळते. विंगेत दोन माणसं खुर्च्या दाराशी पोचवायला लागतात आणि खुर्ची कुठल्या दारातून येणार तो क्रम प्रत्येक विंगेत लिहून लावावा लागतो.

खुर्ची हलकी लाकडी घ्या. घडीची लोखंडी नको, ती उघडण्यात दोन सेकंद जातात आणि खडखडाट एकसुरी होतो. एकावर एक चढणारी प्लॅस्टिकची तर अजिबात नको, कारण ती टेकवल्याचा आवाजच येत नाही. लाकडाचा ‘ठक्’ हा या नाटकातला तालवाद्याचा ठोका आहे. सगळ्या खुर्च्या एकसारख्या असल्या तर दृश्य सभागृहाचं होतं, वेगवेगळ्या असल्या तर घर उपसून आणल्यासारखं. दुसरा पर्याय जास्त बोलतो.

तालमीला पहिल्या दिवसापासून खऱ्या खुर्च्या हव्यात. जमिनीवर खुणा करून बसवलेल्या हालचाली रंगीत तालमीत कोसळतात.

अदृश्य पाहुण्यांची तालीम कशी घ्यायची?

आधी खरी माणसं बसवून. पहिल्या चार पाहुण्यांच्या जागी चार जणांना उभं करा, हात मिळवा, कोट घ्या, खुर्चीवर बसवा. तीन-चार तालमींनंतर ती माणसं काढून घ्या. उंची, हात कुठे थांबतो, बसल्यावर नजर किती खाली येते, हे सगळं अंगात मुरलेलं राहतं. नेहमीची चूक म्हणजे नजर हवेत तरंगणं : कर्नल उभा असताना म्हाताऱ्याची नजर त्याच्या डोळ्यांवर आणि म्हातारीची त्याच्या छातीवर. कर्नल तिथेच मेला. दुसरी चूक, पाहुण्याच्या उत्तराला पुरेसा थांबा न देणं. ते उत्तर कोणीतरी लिहून काढावं आणि नटानं ते मनात ऐकावं, मग थांबे आपोआप वेगवेगळ्या लांबीचे पडतात. तिसरी, बसलेल्या पाहुण्याच्या अंगावरून चालत जाणं. ही तर प्रेक्षकच पकडतात.

म्हातारीचं काम वयस्कर नटीनंच करावं का?

उलट. पहिल्या प्रयोगात त्सिला शेल्तों ३२ वर्षांची होती. लंडनला १९५७मध्ये जोन प्लोराइट विशीत होती. लेखकाचंही मत तरुण नटीच्या बाजूनं आहे, कारण काम सर्कशीतल्या जादूगारासारखं चपळाईचं आहे. वर दिलेल्या १८ फेऱ्या आठवा. शिवाय याच धावपळीत ती कार्यक्रमपत्रिका विकते आणि नवऱ्याच्या वाक्यांचे शेवटचे शब्द प्रतिध्वनीसारखे परत म्हणते. श्वास तिथे संपतो.

परीक्षेत प्रतीकांवर उत्तर कसं लिहावं?

‘खुर्च्या म्हणजे एकाकीपणा, पाणी म्हणजे मृत्यू, वक्ता म्हणजे कलावंत’ ही यादी सगळेच लिहितात. त्याऐवजी एक वस्तू किंवा एक हालचाल घ्या आणि ती नाटकभर कशी बदलते ते दाखवा. उदाहरणार्थ दोघांमधलं अंतर : सुरुवातीला तो तिच्या मांडीवर, पाहुणे आल्यावर शेजारी, गर्दीत फक्त हाका ऐकू येतील इतके दूर, शेवटी समोरासमोरच्या खिडक्यांत. चार टप्पे, प्रत्येकाला संहितेचा आधार. लेखकाच्या पत्रातला ‘शून्य’ हा शब्द उत्तराच्या शेवटाकडे आणा, पहिल्या ओळीत टाकला की पुढे लिहायला काही उरत नाही.

मराठीत करताना फळ्यावर काय लिहायचं?

आधी हे ठरवा, की फळा ठेवायचा का. पहिल्या प्रयोगात तो काढून टाकला होता, मुक्या वक्त्याच्या घशातल्या हंबरण्यावरच पडदा पडला. छापील संहितेत मात्र वक्ता खडूनं आधी ‘आंझपँ’ लिहितो. फ्रेंचमध्ये त्यात देवदूत आणि पाव हे दोन शब्द चिकटलेले आहेत. मग निरर्थक अक्षरांची ओळ, आणि शेवटी ते पुसून ‘आद्यो’सारखं काहीतरी, म्हणजे निरोपाचा शब्द, पण मोडका. त्या शब्दाच्या पोटात फ्रेंचमधला ‘देव’ लपलेला आहे.

‘देव’ मराठीत वाचवता येत नाही. पण बदल्यात आपल्या भाषेकडे एक असा शब्द आहे, जो मूळ फ्रेंचलाही मिळालेला नाही. म्हातारा आयुष्यभर जे सांगायला धडपडतोय तो ‘निरोप’, आणि फळ्यावर शेवटी उमटतो तोही ‘निरोप’. त्यासाठी भाषांतरात सुरुवातीपासून ‘संदेश’ हा शब्द टाळा आणि सगळीकडे ‘निरोप’च ठेवा. फळ्यावर मात्र सरळ, सुवाच्य ‘निरोप’ लिहू नका, कोडं सुटल्यासारखं होतं. ‘ननिरो’, ‘रोप’, ‘निरपप’ असं अडखळतं येऊ द्या, मात्रा भलत्याच अक्षरावर. अक्षर वीत-दीड वीत उंच हवं, नाहीतर मागच्या रांगेला दिसत नाही, आणि फळा पडद्याच्या बाजूला थोडा तिरका ठेवा, सरळ समोर ठेवला की दिव्याची चकाकी येते. खडू ओला करून लिहिला तर वाळल्यावर ठळक होतो : म्हणजे वक्ता विंगेत गेल्यानंतर, रिकाम्या खुर्च्यांसमोर, अक्षरं हळूहळू पांढरी होत जातात.